जर्मन शिकू का जपानी? क्लासवाले "जॉब गॅरंटी" म्हणतायत, साडेतीन लाख मागतायत

रांजणगावचा_वायरमन

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे आधीच सांगतो. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, वय २५, गाव अंबाजोगाईकडं, सध्या रांजणगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला काँट्रॅक्टवर. हातात एकोणीस हजार येतात, त्यातून रूम आणि मेस गेली की घरी पाठवायला काय उरतं ते विचारू नका. बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीय, रजिस्ट्रेशन पण झालंय, लातूरला प्रायव्हेटमध्ये नाइट ड्युट्या करतेय, तिला तर माझ्याहून कमी. दोघांनाही बाहेर जायचंय एवढं पक्कं आहे.

पुण्यात एका ऑफिसात जाऊन आलो. एसी ऑफिस, भिंतीवर व्हिसा लागलेल्या पोरांचे फोटो. म्हणाले सहा महिन्यांत बी२ (जर्मनच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) करून देतो, जर्मनीत नोकरी १०० टक्के, माणशी साडेतीन लाख, त्यातले दीड आत्ता भरा आणि ओरिजिनल मार्कशीट न पासपोर्ट आमच्याकडं ठेवा म्हणजे मधेच सोडून जाणार नाही. वडील म्हणतात अर्धा एकर काढू पण एकदाचे जा. इकडं रूममेट म्हणतो जर्मनीचं खूळ सोड, जपानला जा, तिथली परीक्षा सोपी आणि पाच वर्षांचा व्हिसा.

खरंच सहा महिन्यांत होतं का, कुठली भाषा घ्यावी, आणि समजा जायला नाहीच जमलं तर इथं त्या भाषेचा काही उपयोग आहे का नुसतं सर्टिफिकेट फाइलला. इंग्रजी माझं वाचण्यापुरतं आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, युट्यूब बघून झालंय.

सिस्टर_सांगोलेकर

भाऊ, सगळ्यात आधी: ओरिजिनल कागद आणि पासपोर्ट कुणाकडंही ठेवायचा नाही. झेरॉक्स द्या, स्कॅन द्या, व्हेरिफिकेशनला समोर दाखवा आणि परत पर्समध्ये. जो क्लास पासपोर्ट ठेवून घेतो त्याला तुम्ही शिकण्यापेक्षा तुम्ही अडकण्यात जास्त इंटरेस्ट आहे.

मी जीएनएम, आता जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात एका हॉस्पिटलला आहे, म्हणून बहिणीचं आधी सांगते. गोएथे इन्स्टिट्यूट (जर्मनीची भाषा शिकवणारी संस्था, आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन) स्वतः सांगतं की बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात, एक तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे साधारण ४५० ते ६०० तास नुसते वर्गात, घरचा अभ्यास वेगळा. रोज दोन तासांचा क्लास आणि रविवार सुट्टी धरली तर सहा महिन्यांत तीनशेच्या आसपास होतात. म्हणजे रोज चार तास बसावं लागेल आणि नाइट ड्युटी करून ते होत नाही, आमच्या बॅचमध्ये ज्यांनी लवकर केलं त्यांनी नोकरी सोडून केलं. बहिणीला वर्ष ते सव्वा वर्ष धरायला सांगा, त्याआधी झालं तर पेढे वाटा.

दुसरं म्हणजे क्लासचं सर्टिफिकेट आणि परीक्षेचं सर्टिफिकेट ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लासवाला "बी२ कम्प्लीटेड" असा कागद छापून देतो, त्याला काडीची किंमत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी असल्या परीक्षांचाच कागद चालतो. गोएथेच्या बी१ आणि बी२ मध्ये वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, एखादा राहिला तर तेवढाच परत देता येतो. बहुतेक पोरी ऐकण्यात अडकतात कारण क्लासमध्ये मराठी माणसाची जर्मन ऐकलेली असते.

आणि इथं आल्यावर लगेच नर्स होत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? आपल्या डिप्लोमाची मान्यता घ्यावी लागते, तपासून ते कळवतात की तुमच्या शिक्षणात अमुक अमुक कमी आहे, मग एक तर ॲडॅप्टेशन कोर्स नाहीतर परीक्षा. तोपर्यंत तुम्ही असिस्टंट आणि पगारही असिस्टंटचा. पूर्ण नर्सच्या मान्यतेला बी२ लागतंच, बी१ वर येता येतं बऱ्याचदा पण बी२ इथं येऊन करावं लागतं, ड्युटी सांभाळून.

खरी परीक्षा तर वॉर्डात. आमच्या भागातले आजी-आजोबा श्वेबिश बोली बोलतात, पुस्तकातलं जर्मन शिकून आलेली पोरगी पहिले काही महिने नुसती हसून मान डोलावते. डिमेन्शियाचा पेशंट तर एकच गोष्ट पन्नास वेळा सांगतो, तीही दात काढून ठेवल्यावर. फोन वाजला की सगळ्यात जास्त भीती, कारण समोरच्याचं तोंड दिसत नाही. शिफ्ट बदलताना हँडओव्हर द्यायचा आणि सगळं लिहून ठेवायचं, ते चुकलं तर औषध चुकतं. म्हणून म्हणते की घाईत बी२ पास होऊन येण्यात मोठेपणा नाही, इथं काय हाल होतात ते कुणी रीलमध्ये टाकत नाही.

पैशांचं शेवटी. नर्सच्या भरतीत चांगल्या मार्गाने गेलात तर खर्च जर्मन एम्प्लॉयर करतो, "फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड" नावाचा जर्मन शिक्का असलेल्या एजन्सी नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. केरळवाल्या मुली केरळ सरकारच्या नोर्का संस्थेकडून ट्रिपल विन नावाच्या भरती प्रोग्रॅममधून येतात, त्यांनी एजंटला जमीन विकून पैसे दिलेले नसतात. बाँडवर सही करताना मात्र नीट वाचा, मधेच सोडलं तर भाषेचा खर्च परत मागणारी कलमं असतात.

चाकण_थर्डशिफ्ट

+१ सिस्टरना. साडेतीन लाखात मी दोन भाषा शिकून वर बुलेट घेतली असती.

इथल्या नोकरीचं सांगतो. चाकण, तळेगाव, रांजणगाव ह्या पट्ट्यात जर्मन आणि जपानी कंपन्या भरपूर, पण लाइनवर काम करायला भाषा कुणी विचारत नाही, सेइरी सेइतोन (आवराआवरीच्या ५एस पाटीवरचे जपानी शब्द) भिंतीवर आपण रोज वाचतोच. भाषा कामाला येते ती नवीन मशीन बसवायला तिकडचा माणूस आला की. आमच्याकडं जपानी एक्स्पर्ट आला की इंटरप्रिटर बोलावतात, ती बाई जपानी फर्डं बोलते पण रिले आणि काँटॅक्टरमधला फरक तिला माहीत नाही, मग आम्ही हातवारे करतो. ज्या मेंटेनन्सवाल्याला थोडं जपानी येतं त्याला साहेब लगेच बाजूला घेऊन फिरतात, त्यातला एक आज प्रोजेक्टमध्ये परमनंट आहे. तर तुझ्यासाठी ट्रेड + भाषा हे काँबिनेशन आहे, नुसती भाषा नाही. नुसत्या भाषेवर पुण्यात आयटी आणि बॅक ऑफिसमध्ये नोकऱ्या आहेत, इनव्हॉइस, कस्टमर सपोर्ट वगैरे, पण तिथं जर्मन बी२ किंवा जपानी एन३-एन२ (जपानीच्या परीक्षेत एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) च्या खाली कोणी उभं करत नाही आणि ग्रॅज्युएशन पण मागतात.

सेन्सेईबाई_कोथरूड

मी जपानी शिकवते, त्यामुळे माझं थोडं बायस्ड धरा.

रूममेट म्हणतो ते अर्धं खरं आहे. जपानचा स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर म्हणजे एसएसडब्ल्यू व्हिसा २०१९ च्या एप्रिलपासून आहे, भारताशी करार २०२१ च्या जानेवारीत झाला. ह्याला दोन परीक्षा: एक भाषेची आणि एक तुमच्या कामाची. भाषेसाठी जेएलपीटी एन४ किंवा जेएफटी-बेसिक. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्येच होते, जेएफटी कॉम्प्युटरवर वर्षात बऱ्याच वेळा असते आणि स्कोअर तिथल्या तिथं कळतो, २५० पैकी २०० लागतात. घाई असलेल्यांना मी जेएफटीच सांगते.

आपल्या लोकांना वाक्यरचना जड जात नाही, क्रियापद शेवटी येतं मराठीसारखंच. पण एन४ ला तीनेकशे कांजी (चिनीवरून आलेली चित्राक्षरं) लागतात आणि इथं निम्मा वर्ग गळतो. ज्याला रोज वही घेऊन गिरवायचा कंटाळा आहे त्याने जपानीच्या नादाला लागूच नये. आणि एक मोठी गोम म्हणजे जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, सगळे पर्याय निवडायचे. त्यामुळे एन४ पास झालेला मुलगा इंटरव्ह्यूमध्ये कंपनीचा माणूस "गावाबद्दल सांगा" म्हणाला की गप्प. मी पहिल्या महिन्यापासून मुलांना बोलायला लावते, पालक तक्रार करतात की सिलॅबस मागे पडतोय, पडू दे.

कामाची परीक्षा हा मुद्दा लोक विसरतात. २०२४ मध्ये एसएसडब्ल्यूखाली येणारी कामाची फील्ड १६ झाली, पाच वर्षांत ८ लाख २० हजार लोकांपर्यंत घ्यायचं जपानने तेव्हा ठरवलं होतं, आकडा ऐकून सगळे उड्या मारतात. पण तुझ्या फील्डची स्किल टेस्ट भारतात कुठे आणि कधी होते ते आधी बघ, मग कांजी गिरव. नाहीतर भाषा पास आणि पुढे टेस्टची वाट बघत बसलेली मुलं आहेत माझ्याकडे.

आणखी दोन गोष्टी. एसएसडब्ल्यू-१ मध्ये साधारणपणे एकूण पाच वर्षंच राहता येतं आणि बायको-मुलांना नेता येत नाही, लग्नाचं बघत असाल तर मुलीकडच्यांना हे आधीच सांगा. एसएसडब्ल्यू-२ ला गेलात तर फॅमिली चालते. टेक्निकल इंटर्न म्हणून कुणी पाठवतो म्हणाला तर नीट विचार करा, त्यात सहसा कंपनी बदलता येत नाही, आणि ती स्कीमच बंद होऊन २०२७ च्या एप्रिलपासून नवीन येतेय. एसएसडब्ल्यूमध्ये त्याच फील्डमध्ये कंपनी बदलता येते, हा फरक दिसायला छोटा, पण मालक वाईट निघाला की कळतो.

सुरुवातीला पैसे घालू नकोस. जपान फाउंडेशनने जपानमध्ये राहायला-कामाला जाणाऱ्यांसाठी केलेलं पुस्तक त्यांच्या साइटवर फुकट आहे, ऑडिओसकट. हिरागाना आणि काताकाना ह्या दोन जपानी मुळाक्षरमाला स्वतः पाठ कर, जमलं तर क्लास लाव.

रांजणगावचा_वायरमन

खूप आभार सगळ्यांचे, सिस्टर तुमची पोस्ट बहिणीला पाठवली, ती म्हणाली फोनचं वाचूनच घाम फुटला.

अजून दोन शंका. मी परत त्या ऑफिसला फोन केला तर आता म्हणतात बी२ नको, तुम्ही ऑपॉर्च्युनिटी कार्डवर चला, त्याला फक्त ए१ लागतं, तिकडं जाऊन नोकरी शोधा. हे खरं आहे का? आणि आपल्या राज्य सरकारचं जर्मनीशी काहीतरी झालंय ना, दहा हजार मुलं पाठवणार असं पेपरात होतं, त्याची वाट बघावी का?

सिस्टर_सांगोलेकर

हो तो महाराष्ट्राचा करार मी राहते त्याच जर्मन राज्याशी आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. नाव नोंदवायचं असेल तर जरूर नोंदवा पण नोंदवून स्वस्थ बसू नका. सरकारी गाडी कधी सुटेल सांगता येत नाही, सुटली तेव्हा ज्याच्या हातात ए२-बी१ चा कागद असेल तोच चढणार.

ऑपॉर्च्युनिटी कार्ड, म्हणजे चान्सेनकार्टे, १ जून २०२४ पासून आहे. ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी चालतं हे खरं. पण पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सहा पॉइंट व्हावे लागतात, आणि एक वर्ष नोकरीशिवाय राहण्याचे पैसे तुमच्याकडं आहेत हे दाखवावं लागतं, २०२५ चा हिशोब महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजार युरोच्या वर, बारा-तेरा लाख रुपये अडकवून ठेवायचे. आठवड्याला २० तास पार्टटाइम करता येतं, पण ए१ वर तुम्हाला "माझं नाव अमुक, मी भारतातून आलो" एवढंच येतं, त्याच्यावर इलेक्ट्रिशियनला कोण घेणार? अर्धा एकरच्या जागी दोन एकर जातील.

तुमच्यासाठी त्यापेक्षा बरा रस्ता म्हणजे मान्यता-भागीदारी, मार्च २०२४ पासून चालू आहे. सरकारमान्य दोन वर्षांचं शिक्षण, जर्मन कंपनीचं काँट्रॅक्ट आणि ए२ जर्मन असेल तर इथं येऊन मान्यतेची प्रोसेस करता येते. तुमचा ट्रेड दोन वर्षांचा आहे म्हणजे बघण्यासारखं आहे. इकडचा इलेक्ट्रिशियन साडेतीन वर्षं शिकतो, त्यामुळे पूर्ण मान्यता एका झटक्यात मिळेल अशी अपेक्षा नको. नाहीतर वय २५ आहे, आउसबिल्डुंग पण करता येईल, म्हणजे पहिल्यापासून शिकाऊ, बी१ लागतं, महिन्याला हजार युरोच्या मागेपुढे स्टायपेंड. पोरं म्हणतात पुन्हा शिकाऊ कशाला, पण तीन-साडेतीन वर्षांनी हातात जर्मन कागद असतो.

करिअरगाइड_पिंपरी

सगळे एजंट चोर असल्यासारखं बोलू नका. आमच्यासारख्यांना मुलाचे कागद ट्रान्सलेट करणं, एम्प्लॉयर शोधणं, इंटरव्ह्यू लावणं, व्हिसा अपॉइंटमेंट हे सगळं करावं लागतं. मुलं ए२ ला कंटाळून सोडून जातात, आमचा खर्च बुडतो. म्हणून ॲडव्हान्स घ्यावा लागतो. खेड्यातल्या मुलाला स्वतः ईमेल लिहिता येत नाही ही वस्तुस्थिती आहे.

चाकण_थर्डशिफ्ट

साहेब काम करता तर पैसे घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण परदेशी नोकरीची भरती करायला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्याला उमेदवाराकडून घ्यायची मर्यादा तीस हजार अधिक जीएसटी आहे. म्हणून तर हे लोक भरतीची फी तीस हजाराच्या आत दाखवतात आणि उरलेले तीन लाख "भाषा प्रशिक्षण" म्हणून लावतात. भाषेच्या क्लासला मर्यादा नाही ना. वायरमन भावा, त्या ऑफिसचं नाव केंद्र सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड एजंटच्या यादीत आहे का बघ, नसेल तर विषय संपला. असेल तर त्याला सांग भाषेचं बिल वेगळं, लेव्हलप्रमाणे वेगळं आणि पक्की पावती दे. चेहरा बघ कसा होतो.

करिअरगाइड_पिंपरी

आमच्याकडे पावती देतात. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

लेणीवाला_सिल्लोड

जरा वेगळं लिहितो. सगळे बाहेर जायचं बोलताहेत, आमच्याकडं अजिंठ्याला बाहेरचे इकडं येतात. बौद्ध लेणी म्हणून जपानी ग्रुप येतात, थायलंड-कोरियाचे पण येतात. जपानी येणारा गाइड असला की ग्रुप त्याच्याशिवाय हलत नाही, फी पण इंग्रजी गाइडपेक्षा जास्त. आमच्यातल्या काहींनी कुठल्या क्लासात जाऊन नाही, टुरिस्टांबरोबर फिरून फिरून भाषा उचलली, मग नंतर व्याकरण. लायसन्स मात्र वेगळं काढावं लागतं. पण सीझनचं काम आहे, पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात बसून राहावं लागतं आणि कोविडमध्ये तर भाषा येऊन सुद्धा मका पेरली. तेव्हा पोटाला दुसरं काहीतरी हवंच.

मोरजेचो_शेफ

लेणीवाल्यांना अनुमोदन. मी सावंतवाडीचा, गोव्यात मोरजीमला शॅकवर होतो. तिथं एकेकाळी मेनूकार्डं रशियनमध्ये, पाट्या रशियनमध्ये, आमचे दहावी नापास वेटर फडाफडा रशियन बोलायचे, टिप पण तशी. मग कोविडात चार्टर बंद, नंतर युद्ध सुरू झालं, आणि सगळ्यांची रशियन तोंडातच राहिली. आता परत येतायत रशियन, पण मधल्या काळात ज्याला इंग्रजी नीट येत होतं तोच टिकला. एकाच देशावर सगळा डाव लावू नको रे. आणि तुझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे म्हणालास, ते पण बघ जरा, दुबईपासून क्रूझपर्यंत तेच लागतं.

सेन्सेईबाई_कोथरूड

पुण्यात आहेस तर क्लासची चौकशी त्या एसी ऑफिसच्या बाहेर कर. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन बोट क्लब रोडला, आणि युनिव्हर्सिटीचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये एफसी रोडला, तिथं जर्मन, जपानी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश सगळं आहे. रानडेचा कोर्स सावकाश चालतो, नोकरी करणाऱ्याला बरा पडतो, पण घाईवाल्याला उपयोग नाही. प्रायव्हेट शिक्षकही चांगले आहेत, फक्त एकच विचारा: तुम्ही स्वतः कुठली परीक्षा पास आहात आणि मागच्या बॅचमधल्या दोन मुलांशी बोलायला मिळेल का. फोटो नको, मुलं हवीत.

रांजणगावचा_वायरमन

ईमायग्रेटवर बघितलं, त्या ऑफिसचं नाव नाही सापडलं. फोन करून पावतीचं विचारलं तर म्हणाले "सर तुम्हाला जायचंय का भांडायचंय". वडिलांना सांगितलं, शेत तसंच राहणार आता.

बहीण जर्मनच करणार म्हणते, ए१ मॅक्सम्युलरला किंवा ऑनलाइन, नाइट ड्युटी सोडून डे घ्यायचं बघतेय. माझं अजून ठरत नाही. शिफ्ट रोटेशनमध्ये आहे त्यामुळे ठरावीक वेळेचा क्लास होत नाही, हाच मोठा प्रॉब्लेम. तोपर्यंत फुकटचं काय करता येईल?

सिस्टर_सांगोलेकर

डॉइचे वेले ह्या जर्मन चॅनेलचा ए१ ते बी१ पर्यंतचा व्हिडिओ कोर्स फुकट आहे, मोबाइलवर शिफ्टप्रमाणे कधीही बघा. पंधरा दिवस जर्मन करा, पंधरा दिवस सेन्सेईबाईंनी सांगितलेलं जपानी करा, कशात वही आपोआप उघडली जाते ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि बहिणीला सांगा ए१-ए२ च्या परीक्षांवर पैसे घालवायची गरज बऱ्याच जणींना नसते, मागितली तरच द्यायची, पैसे बी१-बी२ साठी ठेवा. बी२ चा स्लॉट मात्र तयारी पूर्ण व्हायच्या आधीच बघायला लागा, पुण्या-मुंबईत पटापट भरतात, आमच्यातल्या काही जणी परीक्षेला दुसऱ्या राज्यात जाऊन आल्यात.

चाकण_थर्डशिफ्ट

रोटेशनवाल्यासाठी अजून एक. आमच्या लाइनवर दोघं तिघं मिळून सेकंड शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये एकमेकांना शब्द विचारतात, रांजणगाव बसला पण तासभर लागतोच की. कुणी जपानी करणारं असेल रांजणगाव साइडला तर इथंच खाली लिहा, ग्रुप करू.